राउटरच्या खोक्यावरचा माणूस

घरात नवे ब्रॉडबँड कनेक्शन घेतले की बहुतेक ठिकाणी एकच प्रसंग घडतो. कंपनीचा माणूस येतो, बाहेरून आलेली फायबरची वायर दाराच्या वरच्या कोपऱ्यातून आत घेतो, वायर जिथे संपते तिथेच राउटर खिळ्याला टांगतो, मोबाइलवर नेट चालू झाल्याचे दाखवतो आणि जातो. संध्याकाळी लक्षात येते की बाहेरच्या खोलीत नेट पळते आहे, पण आतल्या खोलीत मुलीचा ऑनलाइन वर्ग सारखा अडखळतो आहे. मग कोणी राउटर टीव्हीच्या मागे सरकवतो, कोणी कपाटावर चढवतो. घरातल्या ज्येष्ठांची काळजी वेगळीच असते. या लहरी चोवीस तास अंगावर येत असतात, त्यांनी काही होणार तर नाही ना?

या दोन्ही प्रश्नांची मुळे ज्या माणसाच्या कामापर्यंत पोहोचतात, त्याचे नाव राउटरच्या खोक्यावरच छापलेले असते. खोक्यावर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असे आकडे दिसतात. त्यातले हर्ट्झ हे एका जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव आहे. रेडिओलहरी खरोखर असतात, हे ज्यांनी पहिल्यांदा निर्विवादपणे सिद्ध केले, त्या हाइनरिख हर्ट्झ यांना आयुष्य मिळाले अवघे छत्तीस वर्षांचे.

हाइनरिखचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्ग शहरात झाला. वडील वकील होते, पुढे ते शहराचे सिनेटर झाले. घराणे मूळचे ज्यू, पण त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता. मुलगा अभ्यासात हुशार होता. शाळेत असतानाच तो अरबी शिकला. त्याहून विशेष म्हणजे त्याच्या हाताला कामाची गोडी होती. सुतारकाम आणि लेथवरचे काम त्याने कारागिरांकडून मन लावून शिकून घेतले. पुढे हा मुलगा प्राध्यापक झाल्याचे कळल्यावर, एक उत्तम कारागीर वाया गेला म्हणून त्याच्या लेथच्या गुरूला हळहळ वाटली, असे सांगतात.

आधी इंजिनीअर व्हायचे ठरले होते. फ्रँकफर्ट आणि ड्रेस्डेन इथे त्या दिशेने सुरुवातही झाली. पण १८७७ मध्ये म्युनिकला आल्यावर मन पालटले. आपल्याला बांधकामात नव्हे तर निसर्गाचे नियम शोधण्यात रस आहे, हे त्यांनी वडिलांना पत्राने कळवले आणि परवानगी मागितली. वडिलांनी ती दिली. पुढच्याच वर्षी ते बर्लिनला हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. १८८० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्या काळी विजेच्या अभ्यासात एक मोठा प्रश्न टांगलेला होता. जेम्स क्लर्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात गणिताने असे मांडले होते की विजेचा आणि चुंबकत्वाचा परिणाम लहरींच्या रूपाने प्रकाशाच्याच वेगाने पसरतो आणि प्रकाश हीसुद्धा तशीच एक लहर आहे. पण विजेपासून निघालेली अशी लहर कोणी पाहिलेली नव्हती. खुद्द मॅक्सवेल १८७९ मध्ये वारले, तेव्हाही हा सिद्धांत कागदावरच होता. मॅक्सवेल यांच्या सिद्धांताशी निगडित एक प्रश्न प्रयोगाने सोडवण्यासाठी बर्लिनच्या विज्ञान अकादमीने बक्षीस लावले होते. तो हर्ट्झ यांनी हाती घ्यावा, असे हेल्महोल्ट्झ यांना वाटत होते. हर्ट्झ यांनी हिशेब केला. हाताशी असलेल्या साधनांनी हा परिणाम मोजता येणार नाही असे त्यांना दिसले आणि त्यांनी नकार दिला. प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

कार्ल्सरूहचे सभागृह

१८८५ मध्ये ते कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाले. पुढच्या वर्षी तिथल्याच एका सहकाऱ्याच्या मुलीशी, एलिझाबेथ डॉल यांच्याशी, त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी संस्थेतल्या जुन्या उपकरणांपैकी तारेच्या दोन वेटोळ्यांशी काम करताना त्यांना एक गोष्ट दिसली. एका वेटोळ्यात ठिणगी पाडली की जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यातही बारीकशी ठिणगी उडते. सात वर्षांपूर्वी अशक्य वाटलेल्या प्रश्नाचे दार इथे उघडले.

त्यांनी उभारलेले उपकरण आजच्या शाळकरी मुलालाही समजेल इतके साधे होते. दोन सरळ तारा, त्यांच्या बाहेरच्या टोकांना जस्ताचे मोठे गोळे आणि मध्ये छोटीशी फट. जास्त दाबाची वीज दिली की त्या फटीत ठिणगी पडायची आणि तारांमधली वीज सेकंदाला कोट्यवधी वेळा इकडून तिकडे हेलकावे घ्यायची. हा झाला प्रक्षेपक. ग्राहक म्हणजे तारेचे एक कडे, त्यालाही केसाएवढी फट. दोघांमध्ये कुठलीही तार नाही. तरीही तिकडे ठिणगी पडली की इकडच्या फटीत ठिणगी दिसे. ती इतकी सूक्ष्म असायची की अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावरच दिसावी. आपल्या घरातला राउटर आणि मोबाइल यांचे नाते हेच आहे. फक्त ठिणगीची जागा चिपने घेतली आहे.

संस्थेचे व्याख्यानाचे सभागृह सुमारे पंधरा मीटर लांब होते. त्याच्या एका टोकाच्या भिंतीवर हर्ट्झ यांनी जस्ताचा मोठा पत्रा लावला. लहर त्यावर आपटून परत येई. जाणारी आणि येणारी लहर एकमेकींत मिसळत आणि खोलीत काही ठिकाणी ठिणगी जोरदार, तर काही ठिकाणी जवळजवळ नाहीशी होई. कडे हातात धरून ते सभागृहात पावलापावलाने फिरले आणि अशा जागांमधले अंतर मोजून त्यांनी लहरीची लांबी काढली.

घरात आपल्याला नेमके हेच भोगावे लागते. पलंगाच्या या कडेला नेट येते आणि हातभर सरकले की जाते. यात फोनचा काही दोष नसतो. लहरी भिंतींवरून आणि धातूच्या वस्तूंवरून परावर्तित होऊन काही ठिकाणी एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी मारून टाकतात. राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर असते आणि ५ गिगाहर्ट्झची सहा सेंटीमीटर. म्हणूनच राउटर किंवा लॅपटॉप वीतभर हलवला तरी कधी कधी फरक पडतो.

हर्ट्झ यांनाही घरातल्या लोखंडाने छळले. सभागृहातले लोखंडी खांब, गॅसच्या दिव्यांचे धातूचे भाग, लोखंडी शेगडी अशा सगळ्या गोष्टींचा मोजमापांवर परिणाम होतो की काय, ही चिंता त्यांना होती. जे हलवता येत होते ते त्यांनी हलवले. आपल्या घरात ही जागा लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि टीव्ही यांनी घेतली आहे. आरशाच्या मागे धातूचा पातळ थर असतो आणि टीव्हीच्या आतही धातू असतो. राउटर कपाटाच्या आत किंवा टीव्हीच्या मागे ठेवणे म्हणजे हर्ट्झ यांच्या जस्ताच्या पत्र्यामागे दडवून ठेवणेच.

दार, माणूस आणि जाळी

१८८८ च्या अखेरीस त्यांनी आणखी लहान, सुमारे ६६ सेंटीमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. जस्ताच्या पत्र्याचे दोन मीटर उंचीचे वक्र आरसे बनवून त्यांनी या लहरींचा झोत तयार केला आणि प्रकाशाचे एकेक गुण त्यात आहेत का, हे तपासायला घेतले. डांबरासारख्या पदार्थाचा सुमारे ६०० किलो वजनाचा लोलक ओतून घेतला. त्यातून जाताना झोत वाकला, जसा काचेच्या लोलकातून प्रकाश वाकतो. लाकडी दार बंद केले तरी पलीकडच्या खोलीत ठिणग्या पडत राहिल्या. धातूचा पत्रा आडवा धरला की त्या थांबल्या. एखादा मदतनीस झोताच्या वाटेतून चालत गेला, तर तो मध्ये असेपर्यंत ठिणगी विझे आणि तो बाजूला झाला की पुन्हा उजळे.

हे निरीक्षण प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. म्हणून माशांची मोठी टाकी किंवा पाण्याचा पिंप राउटरच्या वाटेत नसावा. घर पाहुण्यांनी भरले की नेट मंदावते, त्यामागे जास्त फोन जोडले जाणे हे मोठे कारण असतेच, पण मध्ये बसलेली माणसे हेही एक कारण असते. लाकडी दार, पडदा, प्लायवुड यांतून लहर सहज जाते. विटांची जाड भिंत तिला थकवते. लोखंडी सळ्यांची काँक्रीटची भिंत किंवा स्लॅब तिला बराच अडवतो. लांबीने लहान असलेली ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतींपुढे लवकर हार मानते, पण एकाच खोलीत ती जास्त वेगवान असते. त्यामुळे राउटरच्याच खोलीतल्या टीव्हीला ५ आणि दोन भिंतींपलीकडच्या फोनला २.४, ही वाटणी सहसा फायद्याची ठरते.

हर्ट्झ यांनी एका लाकडी चौकटीवर समांतर तारा ताणून जाळी केली. तारा लहरीच्या कंपनाच्या दिशेत असल्या की लहर अडे. चौकट काटकोनात फिरवली की पार जाई. म्हणजे या लहरींना दिशा असते. राउटरच्या दांडीसारख्या अँटेनाचेही तसेच आहे. उभ्या अँटेनाची लहर मुख्यतः आडवी, चहूबाजूंना पसरते. दांडीच्या टोकाच्या दिशेने ती सर्वांत कमी जाते. एकाच मजल्यावरच्या घरात अँटेना उभ्या ठेवाव्यात. वरच्या मजल्यावरही नेट हवे असेल, तर एखादी आडवी करून पाहावी.

जे त्यांना दिसले नाही

कार्ल्सरूहच्या कामाने हर्ट्झ यांचे नाव युरोपभर झाले. १८८९ मध्ये ते बॉनला प्राध्यापक म्हणून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस एका इंजिनीअरने त्यांना पत्र लिहून विचारले, की तारेशिवाय टेलिफोन चालवता येईल का? हर्ट्झ यांनी उत्तर नकारार्थी दिले. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. बोलण्याचे कंपन फार सावकाश असते, तेवढ्या सावकाश विद्युतलहरीची लांबी शेकडो किलोमीटर होईल आणि तिच्यासाठी खंडाएवढा आरसा लागेल. वेगवान लहरीच्या पाठीवर आवाज लादून पाठवण्याची युक्ती तेव्हा कोणाच्या मनात नव्हती. राउटर आज तेच करतो. सेकंदाला अब्जावधी वेळा हेलकावणारी लहर आपली चित्रे आणि आवाज वाहून नेते.

ती युक्ती सुचण्याइतका वेळ हर्ट्झ यांना मिळाला नाही. १८९२ च्या उन्हाळ्यात नाक आणि घसा इतका दुखू लागला की काम थांबवावे लागले. मग हाडांपर्यंत जाणाऱ्या वेदना, डोकेदुखी आणि एकामागून एक शस्त्रक्रिया सुरू झाल्या. हवापालट करून पाहिला, तोही उपयोगी पडला नाही. डॉक्टरांना आजाराचे नाव सांगता येत नव्हते. तशाही अवस्थेत ते यांत्रिकीच्या मूलतत्त्वांवर पुस्तक लिहीत राहिले आणि डिसेंबर १८९३ च्या सुरुवातीपर्यंत व्याख्यानेही देत राहिले. १ जानेवारी १८९४ रोजी त्यांचे निधन झाले. मागे पत्नी आणि सहा व दोन वर्षांच्या दोन मुली होत्या. पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. नोबेल पारितोषिके सुरू झाली ती १९०१ मध्ये.

रेडिओलहरींवर काम करणारा माणूस इतक्या लहान वयात गेला, म्हटल्यावर शंका लहरींवरच जाईल. पण त्यांच्या लक्षणांवरून आज असे मानले जाते की तो ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस हा आजार होता. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर हल्ला करते. सुरुवात अनेकदा नाक, सायनस आणि कान यांपासून होते, पुढे फुप्फुसे आणि मूत्रपिंडे सापडतात. रेडिओलहरींमुळे हा आजार होतो, असा पुरावा नाही. पूर्वी बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत. आज रक्ताच्या तपासणीने आणि ऊतीचा तुकडा तपासून निदान होते, स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे आहेत आणि बहुसंख्य रुग्ण अनेक वर्षे जगतात. म्हणून आठवडे उलटूनही न हटणारी सर्दी, नाकातून रक्ताच्या खपल्या, सोबत कान दुखणे, सांधेदुखी, खोकल्यातून किंवा लघवीतून रक्त, अशी लक्षणे एकत्र दिसली तर घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

भीती कशाची, कशाची नाही

लहरींच्या भीतीचे उत्तरही हर्ट्झ यांच्याच टेबलावर सापडते. १८८७ मध्ये ग्राहकाची ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी तिच्याभोवती अंधारी पेटी ठेवली, तर ठिणगी दुबळी झाली. मुख्य ठिणगीतून निघणारे अतिनील किरण अडले म्हणून असे होते, हे त्यांनी काही महिने खपून शोधले. हाच प्रकाशविद्युत परिणाम. त्याचा खुलासा पुढे १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी केला. प्रकाश ऊर्जेच्या पुडक्यांत येतो, पुडके पुरेसे मोठे असेल तरच धातूतून इलेक्ट्रॉन सुटतो, आणि लहान पुडकी कितीही ओतली तरी ते काम होत नाही.

अतिनील किरणांच्या पुडक्याच्या तुलनेत राउटरच्या लहरीचे पुडके सुमारे पाच लाख पटींनी लहान असते. पेशीतल्या डीएनएचे बंध तोडणे त्याच्या आवाक्यात नाही. या लहरी पुरेशा जोरात असतील तर वस्तू तापवू शकतात. मायक्रोवेव्ह ओव्हन तेच करतो, पण तो बंद धातूच्या पेटीत आठ-नऊशे वॉट खर्चून. राउटर बाहेर टाकतो साधारण वॉटचा दहावा भाग, तोही सगळ्या दिशांना विखरून, आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक चतुर्थांशावर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात टाकले, हे खरे आहे. त्यामागे मुख्यतः डोक्याला लावून दीर्घकाळ वापरलेल्या मोबाइलविषयीचा मर्यादित पुरावा होता. तरीही मन मानत नसेल तर राउटर उशाशी न ठेवता हातभर लांब ठेवावा. नाही तरी त्याची योग्य जागा उशाशी नसतेच. झोप खरी उडवतो तो रात्री एकपर्यंत हातात असलेला फोन.

हर्ट्झ यांच्यानंतर काम थांबले नाही. त्यांचे प्रयोग वाचून इटलीत मार्कोनी कामाला लागले. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी थेट काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. नाझी राजवटीत मात्र ज्यू वंशाच्या कारणावरून हॅम्बुर्गच्या नगरभवनातले हर्ट्झ यांचे चित्र काढून टाकण्यात आले आणि त्यांच्या पत्नी-मुलींना इंग्लंड गाठावे लागले. ज्या आजाराने त्यांचा घास घेतला त्याला अनेक वर्षे फ्रीडरिख वेगेनर या डॉक्टरचे नाव होते. ते नाझी पक्षाचे सदस्य होते, हे पुढे आल्यावर २०११ मध्ये ते नाव बदलले गेले. हर्ट्झ हे नाव मात्र १९६० पासून वारंवारतेचे जागतिक एकक म्हणून कायम झाले.

आता राउटर बसवायचाच असेल, तर कंपनीच्या माणसाला थोडे थांबवावे. फायबर दारापाशी येत असली तरी तिथून लॅनची लांब केबल टाकून राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी आणता येतो. स्वयंपाकघरात नको. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि राउटर जवळपास एकाच वारंवारतेवर चालतात. इमारतीत राउटरची गर्दी असेल, तर सेटिंगमध्ये २.४ साठी १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडावा. हर्ट्झ यांची लहर ज्याच्या हातात कडे असेल त्याला मिळे, आपली लहरही भिंत ओलांडून शेजारी जाते. म्हणून राउटरचा मूळ अॅडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, वायफायला डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ सुरक्षा ठेवावी आणि पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क चालू करावे.

आणि खिळा ठोकण्याआधी एक काम करावे. राउटर नुसता स्टुलावर ठेवून, हातात मोबाइल घेऊन सगळ्या घरात एक फेरी मारावी. प्रत्येक खोलीत, पलंगापाशी, अभ्यासाच्या टेबलापाशी वेग पाहावा. कुठे कमी पडले तर स्टूल सरकवून पुन्हा फिरावे. कार्ल्सरूहच्या अंधाऱ्या सभागृहात तारेचे कडे धरून एक माणूस असाच फिरला होता.